शेजारच्या लेनमधला धावपटू : अब्दुल खालिक

मिल्खासिंग यांचं नाव माहीत नाही असा तुमच्यात कोणी नसेल. धडे वाचले असतील, सिनेमा पाहिला असेल, शाळेच्या क्रीडामहोत्सवात त्यांच्यावर भाषणही ठोकलं असेल. पण मला सांगा, शर्यत कधी एकट्याची असते का? मिल्खासिंग ज्या शर्यतीमुळे 'फ्लाइंग सिख' झाले, त्या शर्यतीत शेजारी कोण धावत होतं? दुसरा कोण आला? वर्गात हा प्रश्न विचारला की हात वर होत नाहीत. फार तर एखादा जण म्हणतो, पाकिस्तानचा कोणीतरी होता.

त्या 'कोणीतरी'चं नाव अब्दुल खालिक. एकेकाळी ते सगळ्या आशियातले सर्वांत वेगवान धावपटू होते, आणि हे मी कौतुकाच्या भरात म्हणत नाही. आशियाई क्रीडा स्पर्धांमध्ये १०० मीटरचं सुवर्णपदक त्यांनी लागोपाठ दोनदा जिंकलं होतं. आज त्यांची गोष्ट वाचू या.

खालिक यांचा जन्म २३ मार्च १९३३ रोजी जंड आवान या गावी झाला. हे गाव पंजाबातल्या चकवाल भागात आहे. चकवाल हा आज पाकिस्तानातला वेगळा जिल्हा आहे, पण १९८५ पर्यंत तो झेलम जिल्ह्यातला एक तालुका होता. नकाशात पाहाल तर रावळपिंडीच्या दक्षिणेला, मिठाच्या डोंगररांगेजवळ तो सापडेल. उंचसखल जमीन, पावसावरची शेती. कालव्याच्या पाण्याने हिरवागार झालेला पंजाब आपण ऐकतो, तो हा नव्हे. अशा भागात घरातल्या एखाद्या मुलानं सैन्यात जाणं ही रीतच पडलेली असते. आपल्या साताऱ्याजवळचं अपशिंगे गाव आठवा, घरटी एक तरी जवान असणारं. चकवालही तसंच. पहिल्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे पहिले हिंदी सैनिक खुदादाद खान याच भागातले.

खालिक चौदा वर्षांचे असताना फाळणी झाली. रॅडक्लिफ रेषा त्यांच्या गावापासून बरीच दूर होती, त्यामुळे ते होते तिथेच राहिले, देशाचं नाव तेवढं बदललं. मिल्खासिंग यांच्या वाट्याला मात्र काय आलं ते तुम्हाला माहीतच आहे. मुजफ्फरगढ भागातल्या त्यांच्या गावात आईवडिलांची हत्या झाली आणि तो पोरका मुलगा दिल्लीला येऊन पोहोचला. एकाच पंजाबातली ही दोन मुलं. पुढे दोघंही सैन्यात गेली, एक इकडच्या आणि एक तिकडच्या. दोघांनाही धावायला सैन्यानंच शिकवलं.

खालिक यांचा पहिला खेळ धावणं नव्हता, कबड्डी होता. आता कबड्डी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे आयताकृती मैदान, मध्यरेषा, बोनस रेषा आणि साखळी धरून उभे असलेले सात जण येतात. पंजाबची गावाकडची कबड्डी वेगळी असते. तिथं मैदान गोल आणि मोठं असतं. चढाई करणारा आणि त्याला अडवणारा यांची झुंज एकास एक चालते. स्पर्श करायचा, सुटायचं आणि वाऱ्यासारखं परत पळायचं. तिथं जोर तर लागतोच, पण पहिल्या दहा-पंधरा पावलांत वेग पकडता आला नाही तर सगळं संपलं. १०० मीटरच्या धावपटूला नेमकं हेच लागतं! ब्रिगेडियर रॉडम नावाच्या सैन्यातल्या अधिकाऱ्यानं या कबड्डीपटूचे पाय हेरले आणि त्यांना धावण्याच्या मैदानावर आणलं, असं त्यांच्या चरित्रात सांगतात. (पी.टी.चे सर खो-खोच्या मैदानावरून एखाद्या मुलीला उचलून लांब उडीला नेतात ना, तसंच.)

आता थोडं आशियाई स्पर्धांविषयी सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. पहिल्या आशियाई क्रीडा स्पर्धा मार्च १९५१ मध्ये नवी दिल्लीत झाल्या. ११ देश आले होते, पाकिस्तान त्यात नव्हता. त्या स्पर्धेत १०० आणि २०० मीटर या दोन्ही शर्यती जिंकल्या मुंबईच्या लेव्ही पिंटो यांनी. १०० मीटरची त्यांची वेळ होती १०.८ सेकंद. हा आकडा लक्षात ठेवा.

दुसऱ्या स्पर्धा मे १९५४ मध्ये फिलिपाइन्सची राजधानी मनिला इथं झाल्या. पाकिस्तान पहिल्यांदाच उतरला. देश जेमतेम सात वर्षांचा, आणि संघात बरेचसे सैन्यातले जवान. त्यांतल्या एकवीस वर्षांच्या अब्दुल खालिक यांनी १०० मीटर १०.६ सेकंदांत धावून सुवर्णपदक घेतलं आणि पिंटो यांचा स्पर्धाविक्रम मोडला. २०० मीटरचं सुवर्णही पाकिस्तानच्याच शरीफ बट यांनी नेलं. ४ गुणिले १०० मीटर रिलेत पाकिस्तान दुसरा आला, त्या रौप्यपदकातही खालिक यांचा वाटा होता. ज्या देशाचं नाव आधीच्या स्पर्धेच्या यादीतही नव्हतं, त्यानं वेगाच्या दोन्ही शर्यती उचलल्या, म्हणजे केवढी खळबळ उडाली असेल!

जाता जाता एक गोष्ट आपल्याकडची. त्याच मनिलात भारताच्या मुलींनी ४ गुणिले १०० रिलेचं सुवर्ण जिंकलं. त्या चौघींत गोव्यात जन्मलेल्या स्टेफी डिसूझा होत्या आणि मुंबईच्या मेरी डिसूझाही होत्या. व्हायोलेट पीटर्स आणि क्रिस्टीन ब्राउन या बाकीच्या दोघी. चौघींची नावं वहीत लिहून ठेवा, सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत ती क्वचितच सापडतात.

खालिक यांना पुढे 'आशियाचा उडता पक्षी' म्हणू लागले. हे नाव त्यांना पंडित नेहरूंनी दिलं, असं पाकिस्तानात सांगितलं जातं. आणि मिल्खासिंग यांना 'फ्लाइंग सिख' हे नाव पाकिस्तानचे अध्यक्ष अयूब खान यांनी दिलं, हे तर आपण सगळेच सांगतो. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहा. आपल्या माणसाचं मोठेपण पलीकडच्यानं मान्य केलं की आपल्याला जास्त बरं वाटतं, दोन्हीकडे.

१९५६ साली मेलबर्नला ऑलिम्पिक झालं. मिल्खासिंग तेव्हा नवखे होते आणि पहिल्या फेरीतच बाद झाले. खालिक मात्र १०० आणि २०० अशा दोन्ही शर्यतींत उपांत्य फेरीपर्यंत पोहोचले. त्या वेळी उपांत्य फेरीत बारा धावपटू असत. म्हणजे दोन्ही शर्यतींत जगातल्या पहिल्या बारांत हा चकवालचा जवान होता. दोन्ही सुवर्णपदकं अमेरिकेच्या बॉबी मॉरो यांनी जिंकली. खालिक अंतिम फेरीत गेले नाहीत म्हणून इतिहासानं त्यांची मोठी नोंद घेतली नाही. मला विचाराल तर मनिलाच्या सुवर्णापेक्षा ही कामगिरी वरची आहे. भारत काय किंवा पाकिस्तान काय, १०० मीटरमध्ये आपल्या भागातला माणूस ऑलिम्पिकच्या उपांत्य फेरीत दिसणं आजही किती दुर्मीळ आहे ते बघा.

आता येऊ मुख्य शर्यतीकडे. मे १९५८, टोकियो, तिसऱ्या आशियाई स्पर्धा.

खालिक यांनी इथंही १०० मीटर जिंकली, वेळ १०.९ सेकंद. मनिलापेक्षा वेळ कमी प्रतीची, पण पदक सुवर्णच. आशियाई स्पर्धेत १०० मीटरचं सुवर्ण राखणारे ते पहिले धावपटू ठरले. तिकडे मिल्खासिंग यांनी ४०० मीटर जिंकली. मग उरली २०० मीटर, आणि त्यात दोघंही होते.

इथं थोडं थांबू या, कारण खरी गंमत अंतरात आहे. १०० मीटर म्हणजे सरळ रेषा. सुरुवात उत्तम, वेग पटकन पकडायचा, संपलं. ४०० मीटर म्हणजे पूर्ण एक फेरी. तिथं वेगाबरोबर दम लागतो, आणि शेवटच्या शंभरात पाय शिशासारखे जड झाले तरी चाल मोडू द्यायची नसते. २०० मीटर या दोघांच्या मधोमध. सुरुवात वळणावर होते, म्हणून लेनप्रमाणे धावपटू पुढेमागे उभे केलेले असतात. वळण संपून सरळ भाग लागेपर्यंत कोण पुढं आहे हे धावणाऱ्याला नीट कळतही नाही. १०० मीटरवाला माणूस वळणावर आघाडी घ्यायला बघतो. ४०० मीटरवाला शेवटच्या चाळीस-पन्नास मीटरवर भरवसा ठेवतो, कारण तिथं समोरच्याचा वेग ओसरू लागतो आणि याचा टिकून राहतो. म्हणजे खालिक आपल्या घरातून एक पाऊल वर चढून आले होते आणि मिल्खासिंग एक पाऊल खाली उतरून. १०० मीटरला मिल्खासिंग त्यांना गाठू शकले नसते, ४०० मीटरला खालिक मिल्खासिंगांना. दोघांची बरोबरीची लढाई व्हायची तर ती २०० मीटरलाच.

ट्रॅकही आजच्यासारखा रबरी नव्हता. कोळशाची बारीक चाळलेली राख-खडी पसरून, दाबून केलेला तो ट्रॅक असे. पाऊस पडला की भिजून जड व्हायचा, कोरडा पडला की भुसभुशीत. ऑलिम्पिकमध्ये कृत्रिम पृष्ठभागाचा ट्रॅक आला तो १९६८ साली, मेक्सिकोत.

शर्यत सुरू झाली आणि सरळ भागात दोघं बरोबरीनं आले. शेवटच्या काही पावलांत मिल्खासिंग यांच्या पायात गोळा आला आणि ते अडखळून अंतिम रेषेवरच कोसळले. खालिक त्याच क्षणी रेषेवर. कोण जिंकलं हे मैदानावर कोणालाच कळेना. पंचांनी छायाचित्र पाहिलं, वाट पाहायला लावली, आणि मग निकाल जाहीर झाला. मिल्खासिंग २१.६ सेकंद, खालिक २१.७.

एक दशांश सेकंद! तुम्हाला गणित आवडतं ना, मग करा. २०० भागिले २१.६ म्हणजे सेकंदाला साधारण ९.२६ मीटर. त्याचा दहावा भाग ०.९ मीटरच्या आसपास. वेगानं धावणाऱ्याचं एक पाऊलच दोन मीटरपेक्षा लांब पडतं. म्हणजे अर्ध्या पावलाचाही फरक नव्हता. शिवाय त्या वेळच्या वेळा हातातल्या स्टॉपवॉचवर घेतलेल्या, त्यामुळे खरं अंतर याहून कमीही असू शकेल. या अर्ध्या पावलानं मिल्खासिंग आशियातले सर्वोत्तम धावपटू ठरले. खालिक यांच्याकडे त्या स्पर्धेतलं एक सुवर्ण, हे एक रौप्य आणि रिलेचं एक कांस्य राहिलं. तीन पदकं जिंकलेला माणूस हरलेला म्हणून लक्षात राहिला, हे मला नेहमी विचित्र वाटतं.

दोन वर्षांनी, १९६० मध्ये, लाहोरला भारत-पाकिस्तान सामने ठरले. मिल्खासिंग जायला तयार नव्हते. ज्या भूमीवर आईवडील मारले गेले तिथं धावायला पाय कसे वळणार? नेहरूंनी समजावलं तेव्हा ते गेले. हे सगळं तुम्ही सिनेमात पाहिलंय. पण हीच शर्यत खालिक यांच्या बाजूनं कधी पाहिलीत का? मैदान त्यांचं, लोक त्यांचे, समोर बसलेले अध्यक्षही त्यांचे. दोन वर्षांपूर्वी अर्ध्या पावलानं गेलेलं परत मिळवायची संधी होती, आणि सगळं स्टेडियम त्यासाठीच जमलं होतं. मिल्खासिंग हरले असते तर परक्या मैदानावर हरले असते, त्यांना कोणी दोष दिला नसता. खालिक हरले तर घरात हरणार होते. शर्यत २०० मीटरचीच होती. मिल्खासिंग जिंकले, आणि या वेळी छायाचित्र पाहण्याची गरज पडली नाही. पदक देताना अयूब खान यांनी मिल्खासिंग यांना ते प्रसिद्ध नाव दिलं. म्हणजे आपल्या देशाच्या अध्यक्षांनी आपल्यासमोर प्रतिस्पर्ध्याला उडणारा म्हणून गौरवावं, हे खालिक यांनी त्या दिवशी ऐकलं. तेव्हा ते सव्वीस-सत्तावीस वर्षांचे होते. वेगाच्या शर्यतीत हे वय उताराकडे झुकू लागण्याचं.

त्यापुढची त्यांची कारकीर्द मी थोडक्यात सांगतो, कारण पदकांच्या दृष्टीनं तिच्यात सांगण्यासारखं फारसं नाही. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत १०० मीटरचं सुवर्ण इंडोनेशियाच्या सारेंगट यांनी जिंकलं. खालिक यांचा जमाना संपला होता. त्यांना पाकिस्तान सरकारनं 'प्राइड ऑफ परफॉर्मन्स' हा सन्मान दिला. मुळात ते जवान होते, आणि जवानच राहिले.

आणि म्हणूनच १९७१ च्या डिसेंबरात ते युद्धात होते. ३ डिसेंबरला युद्ध सुरू झालं आणि १६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी सैन्यानं शरणागती पत्करली. सुमारे ९३ हजार जण भारताच्या ताब्यात आले. त्यांना भारतातल्या वेगवेगळ्या छावण्यांत ठेवलं गेलं. पुढे १९७२ चा सिमला करार झाला, १९७३ साली दिल्लीत आणखी एक करार झाला, आणि एप्रिल १९७४ पर्यंत युद्धकैदी टप्प्याटप्प्यानं परत गेले. अब्दुल खालिक या युद्धकैद्यांपैकी एक होते. ज्यांच्या नावानं कधीकाळी स्टेडियम उठून उभं राहायचं, ते आता तारेच्या कुंपणाआड होते. छावणीतल्या हजेरीत आशियाई विजेता असा वेगळा रकाना थोडाच असतो!

खालिक यांच्या कुटुंबीयांनी नंतर वृत्तपत्रांना या काळातल्या दोन आठवणी सांगितल्या आहेत. त्या त्यांच्या घरातल्या आठवणी आहेत, सरकारी कागद नव्हेत, म्हणून तेवढ्याच अंतरानं ऐका. एक अशी की, हा कैदी कोण आहे हे कळल्यावर त्यांना इतरांआधी सोडण्याची तयारी भारताच्या बाजूनं दाखवली गेली होती, पण बरोबरच्या जवानांना मागं ठेवून एकटं जायला त्यांनी नकार दिला. दुसरी अशी की, मिल्खासिंग त्यांना भेटायला कैदेत आले होते.

या भेटीत काय बोलणं झालं असेल? मी सांगू शकत नाही आणि कल्पनेनं रचणारही नाही. एवढंच डोळ्यांपुढे आणा की, एक माणूस कुंपणाच्या बाहेरून चालत आला आणि दुसरा आतून. दोघंही चाळिशीच्या आसपासचे. त्यातल्या एकाचं घर फाळणीत गेलेलं, दुसऱ्याची दोन-अडीच वर्षं युद्धात आणि कैदेत चाललेली. दोघांच्या मध्ये टोकियोचं ते अर्धं पाऊल होतं, आणि त्याविषयी या दोघांइतकं खरं कोणालाच ठाऊक नव्हतं. पंच, छायाचित्रकार, आकाशवाणीवर ऐकणारे, सगळे बाहेरचे. शेजारच्या लेनमध्ये श्वास ऐकलेला माणूस एकच असतो.

खालिक सुटून घरी गेले. १० मार्च १९८८ रोजी त्यांचं निधन झालं. पंचावन्नाव्या वाढदिवसाला तेरा दिवस उरले होते.

त्यानंतर पंचवीस वर्षांनी, २०१३ मध्ये, 'भाग मिल्खा भाग' हा चित्रपट आला. त्यात खालिक आहेत, मिल्खासिंग यांचा तगडा प्रतिस्पर्धी म्हणून. चित्रपट मिल्खासिंग यांचा आहे, त्यामुळे समोरचा माणूस जरा ताठ दाखवणं आलंच, त्याविषयी तक्रार करण्यात अर्थ नाही. पण चित्रपट पाहून आपल्या मुलांच्या मनात खालिक म्हणजे खलनायक असं चित्र बसतं, ते मी पाहिलंय. त्यांनी मिल्खासिंग यांचं काय वाईट केलं? ते जोरात धावले, एवढंच. ते जोरात धावले नसते तर २१.६ ची किंमत तरी काय राहिली असती? या चित्रपटाच्या वेळी परवानगीसाठी स्वतः मिल्खासिंग यांनी फोन केला होता, असं खालिक यांच्या घरचे सांगतात.

वर्गात करायला एक छोटं काम देतो. वहीत तीन रकाने आखा : साल, ठिकाण, पुरुषांची १०० मीटर शर्यत जिंकणारा. आशियाई क्रीडा स्पर्धांच्या पहिल्या चार ओळी अशा भरा. १९५१, नवी दिल्ली, लेव्ही पिंटो, भारत. १९५४, मनिला, अब्दुल खालिक, पाकिस्तान. १९५८, टोकियो, अब्दुल खालिक, पाकिस्तान. १९६२, जकार्ता, सारेंगट, इंडोनेशिया. पुढच्या ओळी तुम्ही शोधून भरा. पिंटो यांच्यानंतर या रकान्यात भारतीय नाव पुन्हा येतं का, आणि खालिक यांच्यानंतर पाकिस्तानी नाव येतं का, ते यादी पूर्ण झाली की मला येऊन सांगा.